वीस वर्षं जुनी एमएक्स-५ रोजच्या वापराला घ्यावी का? आणि इंग्लंडमधली ड्रायव्हिंगची शिस्त खरी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्याहून कॉव्हेंट्रीला आलात, इथलं लायसन्स नुकतंच हातात पडलंय, २००१ची माझदा एमएक्स-५, छत उघडणारी दोन सीटची गाडी, अठराशे पौंडांना मिळतेय. ती रोज ऑफिसला न्यायला घ्यावी का? आणि इथले लोक ऐकिवात आहे तितक्या शिस्तीत गाडी चालवतात का, की एवढ्याशा उघड्या गाडीत जीव मुठीत धरून बसावं लागेल?

गाडी जरूर घ्या, पण घरातली एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नका. शिस्तीबद्दल मात्र एका वाक्यात सांगता येणार नाही.

मीही याच भागात राहते. माझ्याकडे २००४ची एमएक्स-५ आहे, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटर, पाच गिअर, कापडी छत. कामही वाहन उद्योगातच करते, पण वायरिंगचं. तेव्हा मला मेकॅनिक समजू नका.

आधी गाडीबद्दल. या गाडीचा आणि तुमच्या गावाचा संबंध आहे. कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यात ट्रायम्फ स्पिटफायर बनायची, ती १९८० साली बंद झाली. एमजीबीही त्याच वर्षी संपली. उघडी, दोन सीटची, हलकी आणि परवडणारी इंग्लिश गाडी तिथे जवळजवळ इतिहासजमा झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं होतं की असली गाडी आता तुम्हीच बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ती शिकागोच्या प्रदर्शनात आली. ढंग लोटस एलान या जुन्या इंग्लिश गाडीचा, पण सकाळी किल्ली फिरवली की चालू होते. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. इंग्लंडमध्ये जुन्या एमएक्स-५ इतक्या आहेत की सुट्या भागांची ददात नाही. जुन्या गाडीत हीच खरी श्रीमंती. कुणी तिला हेअरड्रेसरची गाडी म्हणून हिणवलं तर हसून सोडून द्या. म्हणणारा बहुधा दोन टनांच्या गाडीतून एकटाच चाललेला असतो.

वजन एक टनाच्या आसपास, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. उंची सव्वा मीटरपेक्षाही कमी. माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अगं, पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतंय, फक्त ताट पुढे पळतंय." रोजच्या वापरात गैरसोय आहेच. डिकीत आठवड्याचा किराणा मावतो, पण हिथ्रोवर सासू-सासऱ्यांना आणायला ही गाडी चालत नाही. मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत राहतं आणि छत बंद असलं तरी फोनवर बोलणं अवघड होतं (ते बरंच आहे म्हणा). पेट्रोल लिटरला अकरा-बारा किलोमीटर. पुढच्या, तिसऱ्या पिढीत २००६ पासून घडी होणाऱ्या कडक छताचा पर्याय मिळतो, पण तुमचं बजेट तिथवर जाणार नाही.

गंज. या गाडीबद्दल तुम्ही एकच गोष्ट वाचणार असाल तर हीच वाचा. लोक म्हणतात इथल्या हवेमुळे गाड्या गंजतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा हात आहेच, पण या गाडीच्या सिलचा, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीचा, खरा शत्रू वर बसलेला असतो. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना बेल्टच्या खांबांपाशी असलेल्या भोकांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी असली की पानांचा कचरा त्या भोकांत बसतो. मग पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि एक दिवस बोट टेकवलं की भोक पडतं. ते मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीपाशी सुरू होतं. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलेलं असतं तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, गाडी नापास होते, आणि नेमकी तीच जागा इथे गंजते. दुसऱ्या पिढीत पुढचे चॅसी रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लांब तुळया, त्याही गंजतात. त्या गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाहीत.

उपाय फुकटचा आहे. पानगळीनंतर आणि वसंतात एकदा, दोन्ही भोकांत बाटलीने हळूहळू पाणी ओतायचं आणि गाडीखाली वाकून ते बाहेर येतंय का बघायचं. नसेल तर मऊ प्लॅस्टिकची नळी फिरवून मोकळं करायचं. जोर लावायचा नाही, आतली नळी निसटली तर पंचाईत. एवढं करणारा आधीचा मालक मिळाला तर दोनशे पौंड जास्त मोजावेत असं माझं मत आहे.

बाकी दुखणी किरकोळ म्हणता येतील अशी. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर जातो, म्हणजे पेडल मऊ पडतं आणि गिअर पडायला कुरकुरतो. भाग स्वस्त, काम सोपं. मागच्या ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम होतात. इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट तेल सोडतं. बॅटरी डिकीत आहे, त्यामुळे बंद प्रकारची, वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडता येतील अशीच बॅटरी लागते. कुठल्याही दुकानातली सर्वात स्वस्त बॅटरी आणून बसवू नका. टायरमध्ये हवा २६ पीएसआय. गॅरेजवाले सवयीने ३२-३३ भरून देतात आणि मग गाडी उड्या मारते.

आता कागदपत्रं. २००१ची गाडी म्हणालात, तर नोंदणी १ मार्च २००१च्या आधीची की नंतरची हे बघा. आधीची असेल तर रोड टॅक्स इंजिनच्या आकारावर लागतो, नंतरची असेल तर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर. दुसरं, बर्मिंगहॅमच्या मध्यभागी १ जून २०२१ पासून क्लीन एअर झोन आहे. युरो ४ या धुराच्या मानकाच्या खालच्या पेट्रोल गाडीला दिवसाला ८ पौंड. लंडनच्या यूलेझ नावाच्या अशाच झोनमध्ये तेच साडेबारा पौंड, आणि ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये. सरकारी साइटवर नंबर टाकला की आपली गाडी कुठे बसते ते कळतं. सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आहे. जुन्या गाडीला ते चालतं का हेही तिथेच तपासता येतं. मी तरी कमी इथेनॉलचं सुपरच भरते. विमा पहिल्या वर्षी झोंबेल, कारण भारतातली विनाअपघात वर्षं इथल्या कंपन्या सहसा धरत नाहीत.

आता शिस्त.

माझं मत स्पष्ट आहे: जिथे नियम, परीक्षा आणि दंड हे तिन्ही एकत्र येतात तिथे इथला माणूस शिस्तीत वागतो. जिथे यातलं एक जरी कमी पडलं तिथे तो आपल्यासारखाच. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट देणं, झेब्रावर थांबणं, अरुंद गल्लीत मागे जाऊन समोरच्याला वाट देणं आणि मग दोघांनी हात वर करून आभार मानणं, हे सगळं खरं आहे आणि रोज दिसतं. तुम्ही परीक्षा नुकतीच दिलीत. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ आणि धोका ओळखण्याच्या भागात ७५ पैकी ४४ मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग चाळीसेक मिनिटं परीक्षक शेजारी. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर एकही नाही. यातून गेलेला माणूस चौकात आरसा-सिग्नल-वळण विसरत नाही.

पण मागच्या गाडीने किती अंतर ठेवायचं? हायवे कोड, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक, सांगतं दोन सेकंद, ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. ७० मैलांच्या वेगाने दोन सेकंद म्हणजे साठ मीटरच्या वर. पूर्ण थांबायला लागणारं अंतर कोडमध्ये ९६ मीटर दिलंय. संध्याकाळी साडेपाचला एम४० मोटरवेवर या आणि साठ मीटर मोजून दाखवा. पंधरा मीटरवर माणूस मागे चिकटलेला असतो, आणि माझ्या आरशात त्याची जाळी आणि नंबर प्लेट सोडून काहीच दिसत नाही. २०१३ पासून पोलिस यासाठी जागेवरच १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ दंडाचे पॉइंट देऊ शकतात. मधली लेन अडवून बसणाऱ्यांनाही तेच. पण तिथे पोलिस दिसतो कितीदा?

मला वाटतं यात गाड्यांचाही दोष आहे. उंच, जाड काचांच्या, आवाज न येणाऱ्या गाडीत ७० चा वेग ४० सारखा वाटतो. गाडी स्वतःच लेन धरते, स्वतःच ब्रेक मारते, आणि चालवणारा हळूहळू पाहुणा होतो. माझ्या गाडीत यातलं काही नाही. ४५ ला वारा कानात घुसतो, रस्त्याची प्रत्येक भेग कमरेला कळते, आणि पावसात गोल चौकावर जरा जास्त अॅक्सलरेटर दिला तर मागचं टोक सरकतं. सावरायला इलेक्ट्रॉनिक आया बसलेली नाही. कुणी डिझेल सांडलेलं असेल तर विचारूच नका. त्यामुळे पाय आपोआप हलका पडतो. आणि गंमत कमी वेगातही येते, म्हणून वेगमर्यादा मोडायची खुमखुमी येत नाही. ब्रॉडवेच्या वर फिश हिलचा चढ आहे, ए४४ वर. तिथे कायद्यात राहून जे मिळतं ते एखाद्या तीनशे अश्वशक्तीच्या गाडीला परवाना घालवल्याशिवाय मिळणार नाही. लेमिंग्टनच्या बाजूचा फॉस वे, बी४४५५, रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता. दिसायला सुंदर, पण तिथे मी जास्त सावध असते. सरळ रस्त्यावर लोकांना घाई सुटते आणि आडव्या फाट्यांवरून येणाऱ्याला बुटकी गाडी उशिरा दिसते.

बुटकेपणाचे धोके खरे आहेत, ते लपवत नाही. रात्री मागच्या एसयूव्हीचे पांढरे एलईडी थेट आरशात येतात. आतल्या आरशाची कळ लगेच खाली करायची सवय लावा. छत बंद असताना खांद्यावरून मागे पाहिलं तर कापडच दिसतं. म्हणून तिरक्या फाट्यावर गाडी मुख्य रस्त्याला काटकोनात उभी करायची, म्हणजे बाजूच्या काचेतून बघता येतं. मोटरवेला स्लिप रोडवरून शिरतानाही आरशांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो, तेव्हा ते आधी नीट लावून घ्या. सर्वात मोठी भीती मला युरोपातून आलेल्या ट्रकची वाटते. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे आपण उजवीकडून ओलांडत असताना त्याच्या आंधळ्या कोपऱ्यात असतो, आणि आपलं छत त्याच्या खिडकीच्या कितीतरी खाली. परदेशी प्लेट दिसली की एक तर पूर्ण मागे राहायचं किंवा झटकन पुढे निघून जायचं. बरोबरीने रेंगाळायचं नाही. ए४६ वर असले ट्रक भरपूर भेटतात.

चिकटणाऱ्याचं काय करायचं? ब्रेकला पाय लावून त्याला धडा शिकवायचा मोह होतो. तो आवरा. मी माझ्या पुढचं अंतर वाढवते, म्हणजे मला थांबायची वेळ आली तर सावकाश थांबता येतं आणि मागच्यालाही वेळ मिळतो. जागा मिळाली की डावीकडे सरकते. जाऊ दे बाबा.

पुण्यात शिकलेले लोक इथे वाईट चालवतात, हे मला पटत नाही. लक्ष्मी रोडवर गाडी चालवलेल्या माणसाला चारी बाजूंचं भान असतं. अचानक कोण कुठून येईल हे तो गृहीतच धरतो. एम४० च्या मधल्या लेनमध्ये पेंगणाऱ्याकडे ते भान नसतं. फक्त दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, पुढे मोकळी जागा दिसली की ती भरायची. ती जागा तुमची ब्रेकची आहे, रिकामी राहू द्या. दुसरी जास्त धोक्याची: दिवे चमकवणं. आपल्याकडे समोरच्याने अप्पर-डिपर मारला तर अर्थ "मी येतोय, थांब". इथे बहुतेक लोक "तू जा" म्हणून मारतात. कोडप्रमाणे दोन्ही चूक. दिवे चमकवायचे ते फक्त आपण इथे आहोत हे कळवायला. त्यामुळे इथे कुणी दिवे मारले तरी तो खरंच थांबतोय का हे डोळ्यांनी बघूनच निघा, आणि स्वतः मारूच नका. हॉर्नबद्दलही कोड जवळपास तेच म्हणतो: आपलं अस्तित्व कळवायला. म्हणजे एका अर्थी आपले रिक्षावाले नियमाच्या जास्त जवळ आहेत. पण वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न बंद, आणि दिवसासुद्धा इथे हॉर्न म्हणजे शिवी समजतात.

तुम्हाला एक जास्तीची काळजी आहे. लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं आणि लेखी, प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. फोन हातात धरला तर एकाच फटक्यात ६ पॉइंट आणि २०० पौंड. मार्च २०२२ पासून गाणं बदलायला धरला असला तरी सुटका नाही, सिग्नलला थांबलेले असलात तरीही. जुन्या एमएक्स-५ मध्ये फोन ठेवायला धड जागा नाही आणि तो मांडीवरून घसरत राहतो. एक होल्डर घेऊन टाका. त्याच वर्षी जानेवारीत आलेला दुसरा बदल इथल्याच अर्ध्या लोकांना माहीत नाही: फाट्यावर वळताना तो रस्ता ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी थांबले की पादचारी बऱ्याचदा चकित होऊन मलाच पुढे जायची खूण करतो.

छत उघडं असलं की लोक वेगळे वागतात, हा अनुभव तुम्हालाही येईल. तुमचा चेहरा दिसतो. फाट्यावर जास्त वेळा वाट मिळते, सिग्नलला एखादे आजोबा काच खाली करून त्यांच्या जुन्या एमजीची गोष्ट सांगतात, समोरून येणारा एमएक्स-५ वाला हात करतो. आपणही जरा बरे वागतो. मराठीत पुटपुटलेलं कुणाला कळत नाही हे खरं, पण तोंड वाकडं केलेलं सगळ्यांना दिसतं.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीचा जुना इतिहास वाचा, फुकट आहे. "सिल", "गंज", "वेल्डिंग" हे शब्द कुठल्या वर्षी आले आणि पुढच्या वर्षी गायब कसे झाले, हे विक्रेत्याला विचारा. चांगल्या वेल्डिंगला एका बाजूचे काहीशे पौंड लागतात. पावती नसेल तर वर नुसतं पुट्टी-रंग मारलेलं असू शकतं. फ्रिजवरचं छोटं लोहचुंबक खिशात ठेवा आणि मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या खालच्या कडेने फिरवा. सीटच्या मागचं कार्पेट हाताने दाबून ओलं आहे का बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर असलेले पण दहा वर्षांचे, दगड झालेले टायर सर्रास सापडतात. तसे असतील तर चारही टायरचे पैसे किमतीतून कापून मागा. टायर, क्लच, तेलगळती यावर घासाघीस करता येते. लोहचुंबक सिलला चिकटलं नाही तर मात्र अठराशे काय, आठशेलाही घेऊ नका. याच किमतीत दुसरी मिळेल, ऑक्टोबरनंतर तर दोनशेने कमीच.